बनुबाईंची मूलतत्त्वे

१

नाथाजी सरांनी एकेचाळीस विषयांवर पुस्तकं लिहिली होती आणि त्यातला एक विषय त्यांना येतही होता. तो समाजशास्त्र. कराडच्या एका कॉलेजात त्यांनी तो एकतीस वर्षं शिकवला. शेवटी वर्गात एकच विद्यार्थी उरला, तोही सैन्यात भरती झाला, आणि संस्थेनं सरांच्या निवृत्तीबरोबरच विषय बंद करून टाकला. विभागाच्या खोलीत खेळाचं सामान आलं. महिन्याभरानं सर कपाटात राहिलेली छत्री आणायला गेले, तर शिपाई म्हणाला, "समाजशास्त्र? इथं पयल्यापासनं जिमखानाच हाय की." सर छत्री न घेताच परत आले.

उरलेले चाळीस विषय त्यांनी घरी बसून हातावेगळे केले. सहकाराची मूलतत्त्वे, पर्यटनाची मूलतत्त्वे, कुक्कुटपालनाची मूलतत्त्वे. प्रत्येक पुस्तकात प्रकरणं सहाच : अर्थ, व्याख्या, स्वरूप, व्याप्ती, महत्त्व आणि मर्यादा. जगातला कुठलाही विषय या सहा वाट्यांच्या मिसळणाच्या डब्यात बसतो, असं सरांचं ठाम मत होतं. पद्धत सोपी होती. समाजशास्त्राच्या पुस्तकाची फाईल उघडायची, 'समाजशास्त्र' हा शब्द शोधायला सांगायचा, त्या जागी नवा विषय टाकायला सांगायचा, आणि चहा घेऊन येईपर्यंत पुस्तक तयार. 'कुक्कुटपालन म्हणजे मानवी नातेसंबंधांचा शास्त्रशुद्ध अभ्यास होय,' या वाक्यासकट त्या पुस्तकाच्या तीन आवृत्त्या निघाल्या. एकाही पोल्ट्रीवाल्याची तक्रार आली नाही.

मूळ पुस्तक लिहिताना समोर त्यांच्या पत्नी बनुबाई तांदूळ निवडत बसलेल्या असत, त्यामुळे उदाहरणांत सगळीकडे बनुबाईच आल्या होत्या. बनुबाईंचा विवाह, बनुबाईंचं माहेर, बनुबाईंचा शेजार. अर्पणपत्रिकाही 'सौ. बनुबाई हिस' अशी. लेखकाच्या प्रती घरी आल्या की सुतळी बनुबाईच कापायच्या. वरच्या प्रतीला हळदकुंकू लावायच्या, पहिलं पान उघडून स्वतःच्या नावाखालून बोट फिरवायच्या, आणि पुस्तक मिटायच्या. शिक्षण सातवी. पुढचं पान त्यांनी कधी उलटलं नाही.

सरांबद्दल सांगायचं तर माणूस नजरेत भरणारा नव्हता. अठ्ठ्याण्णव साली तर दोन महिने अशी तऱ्हा होती की मस्टरवर सही करूनही त्यांची रजा लागायची, एसटीत कंडक्टर तिकीट विचारायचा नाही, आणि शिपायानं त्यांना दोनदा खोलीत ठेवून बाहेरून कुलूप लावलं. मग ते आपोआप थांबलं. सर हा किस्सा निरोपसमारंभांत विनोद म्हणून सांगत. लोक हसतही.

२

गुरुवारी सर सांगलीला एका चर्चासत्रात अध्यक्षीय समारोप करायला गेले होते. शुक्रवारी सकाळी बघतात तर टेबलावर दहा प्रती. 'आदरातिथ्य व्यवस्थापनाची मूलतत्त्वे'. सुतळी कापलेली होती, पण वरच्या प्रतीला कुंकू नव्हतं.

"बनू, कुंकू लावलं नाहीस?"

"संपलंय," बनुबाई आतून म्हणाल्या.

देव्हाऱ्यात करंडा भरलेला दिसत होता. सरांनी ते पाहिलं आणि सोडून दिलं.

या पुस्तकात त्यांनी एक बदल केला होता. हाती पंचवीसेक कॉलेजं असलेल्या एका संस्थेच्या अध्यक्षांना ते अर्पण करावं, म्हणजे पुस्तक सगळीकडे लागेल, असा सरांचा हिशेब. म्हणून त्यांनी कॉम्प्युटरला सांगितलं, बनुबाई काढ आणि मा. अध्यक्ष घाल. कॉम्प्युटरनं कळवलं, 'सव्वीस ठिकाणी बदल केला.' सरांना एकच ठिकाण हवं होतं. पण यंत्र एवढ्या उत्साहानं काम करतंय तर त्याचं मन कशाला मोडा, म्हणून ते तसंच छापखान्यात गेलं.

त्यांनी प्रती मोजल्या. नऊच होत्या. दहावी तेवढ्याच जाडीची, त्याच कागदाची, निळ्या मुखपृष्ठाची. तिच्यावर छापलं होतं : 'बनुबाईंची मूलतत्त्वे'. लेखकाच्या नावाच्या जागी नुसती रेघ.

३

'प्रकरण पहिले. अर्थ. बनुबाई सकाळी साडेपाचला उठतात. उठताना आधी उजवा पाय टेकवतात, कारण डावा गुडघा सहा वर्षांपासून दुखतो. हे त्यांनी कोणालाही सांगितलेले नाही.'

सर मोठ्यानं म्हणाले, "बनू, तुझा गुडघा दुखतो काय?"

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला. मग आतून प्रश्न आला, "कुणी सांगितलं?"

'बनुबाई चहा दोनदा गाळतात. दुसऱ्यांदा गाळताना डोळे मिटतात.' सर चवड्यांवर चालत स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेले. बनुबाईंनी एकदा चहा गाळला. पुन्हा गाळायला घेतला आणि डोळे मिटले. छत्तीस वर्षं सर हा चहा पीत होते.

समाजशास्त्रज्ञ असल्यानं त्यांनी शांतपणे तीन शक्यता मांडल्या. एक, प्रकाशक भाऊसोचा चावटपणा. दोन, बनुबाईंनी स्वतः छापून घेतलं. तीन, रक्तदाब. तिसरी शक्यता सगळ्यात सोयीची होती, म्हणून त्यांनी गोळी घेतली आणि पुस्तक पुन्हा उघडलं. मजकूर तोच होता.

तिसऱ्या प्रकरणाच्या मध्यावर छपाई संपली. पुढची पानं कोरी, वर फक्त एक ओळ : 'विद्यार्थ्याने स्वतः पूर्ण करावे.' आणि शेवटी प्रश्नपत्रिका. वेळ तीन तास, गुण शंभर, उत्तीर्ण होण्यासाठी चाळीस. रिकाम्या जागा भरा : बनुबाईंच्या माहेरच्या म्हशीचे नाव डॅश होते. टीप लिहा : सातवीनंतरची शाळा. शेवटचा प्रश्न तीस गुणांना होता. 'बनुबाई गुरुवारी दुपारी का रडल्या? सकारण स्पष्ट करा.'

सरांनी मनातल्या मनात पेपर सोडवून पाहिला. प्रामाणिकपणे तपासला तर सहा गुण पडत होते, त्यातले दोन नाव आणि आसनक्रमांक नीट लिहिल्याचे.

खाली बारीक टायपात सूचना होती. 'सोमवारी दुपारी बारा वाजेपर्यंत या विषयात एकही विद्यार्थी उत्तीर्ण न झाल्यास विषय कायमचा बंद करण्यात येईल.' असल्या भाषेचं पत्र सरांना पूर्वी एकदा आलं होतं. त्यांना जिमखाना आठवला.

४

शनिवारी दूधवाला बिराप्पा आला. रोज लिटरभर घालायचा, आज अर्धाच लिटर घालून किटलीचं झाकण लावलं.

"अर्धाच?" सर म्हणाले.

"एकट्याला बास की, सर," बिराप्पा सहज म्हणाला आणि सायकलवर बसून गेला.

"म्हसरं आटली असतील त्येची," बनुबाई म्हणाल्या. त्या सरांच्या मागेच उभ्या होत्या.

रविवारी पुण्याहून सृष्टीचा, म्हणजे त्यांच्या लेकीचा, व्हिडिओ कॉल आला. "बाबा, जेवणाचं काय करताय? मी सांगते, डबा लावा सरळ." बनुबाई सरांच्या खांद्यावरून डोकावून पळी हलवत होत्या.

"अगं, आई आहे की. दिसत नाही तुला?"

सृष्टीचा चेहरा थांबला. चेष्टेचा नव्हता तो. एखादा शब्द पहिल्यांदाच ऐकल्यासारखी ती म्हणाली, "कुणाची आई?" आणि फोन कटला.

"नेटवर्क लय वाईट," बनुबाई म्हणाल्या आणि पळी घेऊन आत निघाल्या. घरातल्या स्लिपरांचा आवाज बोळातून जाऊ लागला. चट, चट, चट. चौथा आलाच नाही. सर उठून बोळात गेले. बोळात दुपारचं स्वच्छ ऊन होतं आणि कुणीही नव्हतं.

"बनू?"

"काय वं?" आवाज स्वयंपाकघरातून आला, पण भिंतीपलीकडच्या घरातून यावा तसा.

मग कुकर सुरू झाला. या घरात डाळीला तीन शिट्ट्या, हा नियम लग्नापासूनचा. एक झाली. दुसरी झाली. सर बोट वर धरून तिसरीची वाट बघत बसले. बोट दुखायला लागलं. बनुबाई ताट घेऊन बाहेर आल्या.

"शिट्ट्या किती झाल्या गं?"

"तीन की. कान तपासून घ्या."

डाळ मऊ शिजली होती. रात्रभर त्यांनी कोऱ्या पानांवर काहीतरी लिहायचा प्रयत्न केला. 'बनुबाई म्हणजे मानवी नातेसंबंधांचा शास्त्रशुद्ध अभ्यास होय,' एवढंच लिहून झालं. तेही सकाळी पुसलेलं निघालं.

५

सोमवारी नऊ वाजता सर शनिवार पेठेत भाऊसोच्या छापखान्यात हजर झाले. भाऊसो नवं पुस्तक पुढ्यात घेऊन डोळे पुसत होते. हसून हसून पाणी आलं होतं.

"आवं सर, ह्ये काय केलंसा? पान सत्तावीस. 'मा. अध्यक्ष पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी गेले.' आन पान एक्केचाळीसला सायेब पहाटे उठून सडा घालत्यात! सकाळीच फोन आलाता त्यांचा."

"काय म्हणाले?" सर गारठले.

"म्हनाले, पान सत्तावीस सोडलं तर ग्रंथ चांगला हाय."

"भाऊसो, ती उदाहरणं बनुबाईची आहेत."

"कुणाची?"

"बनुबाई. माझी बायको!"

भाऊसोंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. वीस वर्षं हा माणूस दर दसऱ्याला सरांच्या घरी जेवत होता. एकदा बनुबाईंच्या मिरचीच्या खर्ड्यानं त्यांना अशी उचकी लागली होती की दवाखान्यात न्यावं लागलं.

"सर," भाऊसो फार आदरानं म्हणाले, "तुमी लगीन कवा केलं? आमाला बलिवलं न्हाई ते."

सरांनी पिशवीतून निळं पुस्तक काढून त्यांच्या हातात दिलं. भाऊसोंनी पानं चाळली, उजेडाकडे धरली. "कोरं हाय की. वही हाय व्हय?" मग धंद्याच्या सवयीनं त्यांनी मुखपृष्ठावर टिचकी मारली. "कागद चांगला हाय. इषय कंचा? पोरं किती बसत्यात ह्याला?"

सर छापखान्यातून बाहेर पडले. चपला आतच राहिल्या, हे त्यांना चौकात कळलं. ते परत गेले नाहीत.

६

दार उघडंच होतं. घरात आवाज नव्हता. जेवणाच्या टेबलाशी खिडकीतून ऊन आलं होतं आणि उन्हात तांदळाचं ताट होतं. ताटातले तांदूळ चार-चार दाण्यांनी बाजूला सरकत होते. टेबलाशी कुणी नव्हतं. क्षणभर फक्त तांदूळ हलत होते.

"बनू!" सर ओरडले.

मग हात दिसले, मग बांगड्या, मग बनुबाई. "केवढ्यांदा वरडता! आन चपला कुटं हायत?"

सर धपकन समोर बसले. निळं पुस्तक उघडलं, पेनाचं टोपण दातांनी काढलं. प्राध्यापकी मराठी कुठल्या कुठं गेली होती. "म्हशीचं नाव काय हुतं?"

"कंच्या?"

"तुज्या म्हायेरच्या. लौकर सांग, बारा वाजायच्या आत."

"डोकं ठिकाणावर हाय न्हवं?" बनुबाई म्हणाल्या, पण त्यांच्या हातातले तांदूळ थांबले होते. "हरणी. मीच ठेवलेलं नाव. माज्याबिगर कुणाला धार काढू द्यायची न्हाई."

सरांनी लिहिलं. शाळा का सुटली? शाळा नदीपल्याड होती, जायला होडी. कोयनेचं पाणी सोडलं की होडी बंद. एकदा पाणी ओसरल्यावर भाऊ होडीत बसला आणि त्यानं बनूला सांगितलं, तू आता राहू दे. "गणितात मी पयली यायचे," बनुबाई म्हणाल्या. "तुमी कदी इचारलं न्हाई, मी कदी सांगितलं न्हाई." दोन तास सर विचारत गेले आणि लिहीत गेले. कितीतरी उत्तरं त्यांना कुणा परक्या बाईची वाटली, आणि ती आपल्याच घरात छत्तीस वर्षं वावरत होती याची त्यांना मनापासून लाज वाटली.

पावणेबाराला शेवटचा प्रश्न आला.

"गुरुवारी का रडलीस?"

बनुबाईंनी ताट बाजूला सारलं. खिडकीबाहेर बघत राहिल्या. ऊन त्यांच्यावर पडलं होतं, पण टेबलावर सावली नव्हती. सरांनी ते पाहिलं आणि नजर पुस्तकावर आणली.

"बनू, सांग. हात जोडतो."

"सुतळी कापली," त्या म्हणाल्या. "पयलं पान काडलं, बोट ठिवलं. तर तितं दुसराच मानूस. म्हनलं असू दे, मोटा मानूस आसंल. म्हनून पयल्यांदाच आत बगितलं. पानं उलटली. सगळी उलटली. मी कुटंच न्हवते वं. शाळा सुटल्यापासनं वाचायची सवं न्हाई, मला काय समदं पुस्तक वाचता येत न्हाई. पर माजं नाव मला कुटंबी वळकू येतं. ते कुटंबी न्हवतं. म्हनून रडले."

सरांनी हे जसंच्या तसं लिहिलं. लिहिताना अक्षरं डोळ्यांपुढे फुटत होती. शेवटी त्यांनी स्वतःचं एक वाक्य जोडलं : 'चूक माझी आहे.' भिंतीवरच्या घड्याळात बाराचे ठोके पडले आणि आत कुकरनं शिट्टी दिली. एक, दोन, आणि तिसरी.

फोन वाजला. सृष्टी होती. "बाबा, आईला द्या. तिचा फोन का लागत नाहीये?"

बनुबाई बोलायला उठल्या, आधी उजवा पाय टेकवून. सरांनी निळं पुस्तक मिटता मिटता शेवटचं पान पाहिलं. लाल शाईत आकडा होता : ४०. त्यापुढे कंसात, 'ग्रेस तीन धरून'.

७

मंगळवारी पहाटे उठून सरांनी पहिलं काम केलं ते नव्या पुस्तकाची फाईल दुरुस्त करण्याचं. सव्वीस ठिकाणी अध्यक्ष गेले, बनुबाई परत आल्या. मग ते निळं पुस्तक घेऊन स्वयंपाकघरात गेले. बनुबाई कुकरचं झाकण लावत होत्या.

"बनू, तुला एक दाखवायचंय. घाबरू नकोस."

बनुबाईंनी पुस्तकाकडे पाहिलं. त्या घाबरल्या नाहीत. "तुमाला निळं आलं व्हय? माजं तांबडं हाय."

त्यांनी तांदळाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला आणि तळातून एक पुस्तक काढलं. तेलाचे डाग, हळदीची बोटं, कोपरे दुमडलेले, शिवण दोनदा दाभणानं घातलेली. 'नाथाजींची मूलतत्त्वे'.

"लग्नाच्या तिसऱ्या म्हैन्यात आलं. दर साली पेपर द्येते, तुमी कालिजला ग्येल्यावर. माज्याच्यानं लिवून व्हत न्हाई, तोंडी सांगते. कदी नापास न्हाई झाले. एकदाच येळंला देता आला न्हाई."

"कवा?" सरांनी विचारलं.

"सृष्टीच्या येळच्या बाळंतपणात. अठ्ठ्यान्नवला. दोन म्हैनं माज्या जिवाचंच खरं न्हवतं, कुटला पेपर आन काय."

सर स्टुलावर बसले. कंडक्टर आठवला. बाहेरून लागणारं कुलूप आठवलं, आणि आतून किती वेळ दार वाजवलं होतं तेही. हसणारे लोक आठवले.

"आन औंदाचा?"

बनुबाईंनी ओट्यावरून फडकं फिरवलं. "औंदाचा गुरुवारी हुता. गुरुवारी माजं मन न्हवतं."

बाहेर सायकलची घंटी वाजली. सर जवळ होते, म्हणून तेच दारात गेले. "ये, बिराप्पा." बिराप्पा त्यांच्या खांद्यावरून आत बघत होता.

"वैनी, दार उगडं टाकून कुटं हायसा?" त्यानं हाक मारली. पायरीवरच्या पातेल्यात माप ओतलं. "अर्धा लिटर घातलाय बगा. एकट्याला बास की."

सर त्याच्यासमोर हात हलवत उभे होते. बिराप्पा सायकल वळवून गेला.

ते आत आले तेव्हा बनुबाई चष्मा लावून तांबडं पुस्तक उघडून बसल्या होत्या. "बाकीचं येतंय मला. शेवटचाच प्रस्न अवगड हाय. छत्तीस वर्सं सोडूनच द्येते. दरसाली तितं मार्क जात्यात, बाकीच्यावर पास व्हते. औंदा समदा पेपर त्योच हाय." त्यांनी ओळीखाली बोट ठेवून एकेक अक्षर लावत वाचलं. "नाथाजी यांना बनुबाई का हव्या आहेत? सकारण स्पष्ट करा."

सवयीनं सरांचं तोंड उघडलं. "याचा अर्थ, व्याख्या, स्वरूप, व्याप्ती..."

"पुस्तकातलं नगं," बनुबाई म्हणाल्या. त्या सरांकडेच बघत होत्या, पण नजर थोडी डावीकडे, स्टुलाच्या रिकाम्या बाजूला लागली होती. "आवं, हायसा न्हवं? बोला की."

कुकरची पहिली शिट्टी झाली. सरांनी स्टूल त्यांच्या नजरेसमोर सरकवलं. दुसरी झाली. आणि मग नाथाजी सरांनी आयुष्यात पहिल्यांदाच, कुठूनही काहीही न उतरवता, बोलायला सुरुवात केली.